लहान इलेक्ट्रिक टेम्पो कामाला लावलाय का कुणी? डिझेलचा छोटा हत्ती बदलायचाय

नळजोड
नमस्कार मंडळी. मी पुण्यात उंड्री-पिसोळी भागात प्लंबिंगची कामं घेतो. माझा डिझेलचा छोटा हत्ती आता पार थकलाय. पासिंगला नेला की दर वेळी काहीतरी निघतंच. गॅरेजवाल्याच्या मुलीच्या लग्नाचा निम्मा खर्च आपणच केलाय, असं आमची सौ. म्हणते.

रोजचं फिरणं साठ-सत्तर किलोमीटर. गाळ्यावरून माल भरायचा, दोन-तीन साइट करायच्या, संध्याकाळी परत. आठवड्यातून एखाद वेळ दिवेघाट चढून सासवडला. माल म्हणजे सीपीव्हीसी पाइप, फिटिंगच्या पेट्या, ड्रिल, ग्राइंडर, कधी हजार लिटरची टाकी, कधी पाच-सहा गोण्या सिमेंट. सोबत एक पोरगा.

शोरूमवाला म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, मेव्हणा म्हणतो सीएनजी घे. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी सांगा. यूट्यूब बघून झालंय.

डिझेलप्रेमी
मेव्हण्याचं ऐका. पहिल्यांदाच कुणाचा तरी मेव्हणा बरोबर बोलतोय.

चिंचोका
वाचतोय. मलाही घ्यायचाय, फुलांच्या धंद्यासाठी.

हिशेबनीस
आकडे मांडतो, मग भांडा.

टाटाचा एस ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक छोटा हत्ती, २०२२ च्या मे महिन्यात जाहीर झाला. त्याची बॅटरी २१.३ युनिटची, माल न्यायची क्षमता ६०० किलो, कागदावरची रेंज १५४ किमी. भरल्या गाडीला, थांबत थांबत, शंभर-एकशेदहा धरा. पूर्ण भरायला भिंतीतून साधारण २४ युनिट जातात, कारण थोडी वीज चार्जरमध्येच उष्णता होऊन संपते. नऊ रुपयांनी युनिट धरलं तर किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये. डिझेल नव्वदच्या आसपास आणि ॲव्हरेज सोळा-सतरा धरलं तर साडेपाच. म्हणजे किलोमीटरमागे सव्वातीन रुपये वाचले. तुमच्या फिरण्याला महिन्याचे पाच हजार आणि वर थोडे.

दुसरी बाजू खरेदीची. टाटाचाच आणखी लहान एस प्रो २०२५ च्या जूनमध्ये आला तेव्हा पेट्रोल ३.९९ लाख आणि इलेक्ट्रिक ६.५० लाख होता. अडीच लाखांचा फरक महिना पाच हजारांनी भरायला चार वर्षं लागतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ईव्हीचा ५ टक्के होता तिथेच आहे. म्हणजे दरी आणखी रुंदावली. इलेक्ट्रिकला रस्ताकर माफ आहे, तो हातभार धरा.

डिझेलप्रेमी
चार वर्षांत बॅटरी बसली की झालं. एक के बाद एक हप्ते.

हिशेबनीस
एस ईव्हीच्या बॅटरीला सात वर्षं किंवा पावणेदोन लाख किमी वॉरंटी आहे, यातलं जे आधी होईल ते. नळजोड यांचं वर्षाचं फिरणं वीस हजारांच्या आसपासच आहे.

कुर्ला_ते_कर्जत
एक मुद्दा सगळे विसरतात. परमिट लागत नाही इलेक्ट्रिकला! २०१८ पासून सूट आहे.

आरटीओच्या_दारात
अहो साहेब, एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालगाडीला डिझेलवरही परमिट लागत नाही. जे कधी भरावंच लागत नव्हतं ते वाचलं म्हणून आनंद. पाटी मात्र वेगळी असते, हिरवीवर पिवळे आकडे. पोरं विचारतात काका ही कुठली गाडी.

कुर्ला_ते_कर्जत
बरं. टोल तरी माफ आहे ना? अटल सेतू, एक्स्प्रेसवे, समृद्धी?

आरटीओच्या_दारात
प्रवासी चारचाकी आणि बस यांना. मालवाहूला नाही. आणि उंड्रीहून पिसोळीला जायला समृद्धी कशाला लागते?

भाकरी_भाजी
मी वापरतेय. तळेगाव एमआयडीसीत डबे आणि कँटीनचं जेवण पोचवतो आम्ही. पहिली खेप पहाटे साडेचारला निघते. आधी डिझेल होतं तेव्हा सोसायटीत रोज कुणी ना कुणी खिडकीतून ओरडायचं. एका काकांनी तर अर्जच दिला होता. आता गाडी निघते ते कुणाला कळतही नाही, फक्त मागे घेताना ते टुंटुं वाजतं तेवढंच. तेच काका परवा विचारत होते, किती पडली गाडी.

पिठलं, भात, रस्सा यांची मोठी पातेली असतात. क्लच नसल्यामुळे गाडी हिसका देत नाही, रस्सा सांडायचं प्रमाण खरंच कमी झालंय. ड्रायव्हर नवीन पोरगा होता, दोन दिवसांत शिकला. मात्र ब्रेकवरून पाय सोडला की पुढे सरकते ही सवय लागेपर्यंत त्याने गेटला एकदा प्रसाद दिलाच.

पाऊस, चिखल, सगळं झालं. एकदाच अडचण आली, चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून बंद पडायचा. त्याचं काय झालं ते सांगते, आत्ता दुपारची खेप भरायचीये.

घाटमाथा
भाकरी_भाजी ताई, असं अर्ध्यावर सोडू नका, झोप येणार नाही.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते बाप्पा. दुपारभर उन्हात उभी केलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावली तर फास्ट चार्जर मुंगीच्या पावलानं चालते. गाडी स्वतःच करंट कमी घेते, बॅटरी वाचवायला. अर्धा-पाऊण घंटा सावलीत ठेवा, मग लावा. आन एसी नाही, ड्रायव्हरचं डोकं गाडीच्या आधी तापते. मी कॅबिनच्या टपावर पांढरा रंग मारून घेतला, थोडा फरक पडला.

वजनाबद्दल कोणीच बोलून नाही राहिलं. कागदावर सहाशे. आपल्याकडे छोट्या हत्तीवर बाराशे टाकतातच ना भाऊ? खरं बोला.

डिझेलप्रेमी
बाराशे? आमच्या मार्केट यार्डात पंधराशे म्हणजे पोकळ भरली म्हणतात.

जार_वाले
हाच माझा विषय. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो पाणी, वर जारचं वजन. तीस जार भरले की सहाशेचा काटा पार. पूर्वी आम्ही पन्नास-पन्नास टाकायचो. इलेक्ट्रिकवर पहिल्या महिन्यात तेच केलं ड्रायव्हरने. गाडी ओढते हो! तीच तर पंचाईत आहे. डिझेल गाडी चढावर धापा टाकते, क्लचचा वास येतो, माणूस आपोआप थांबतो. ही पहिल्या इंचापासून जोर लावते, १३० न्यूटन मीटर टॉर्क आहे, त्यामुळे जास्त भरलंय हे पायाला कळतच नाही. कळतं ते मागच्या टायरला आणि संध्याकाळच्या रेंजला.

कमानीत एक पाटा वाढवावा असं गॅरेजवाल्याने सुचवलं. वाढवू नका. वॉरंटीच्या वेळी पहिलं तिथेच बघतात. आम्ही खेपा वाढवल्या, जार कमी केले. वीज स्वस्त असल्याने जास्तीची खेप परवडते, डिझेलला परवडली नसती.

नळजोड
जार_वाले, हे कामाचं सांगितलंत. माझं वजन पाचशेच्या वर क्वचित जातं, रेती मी दुसऱ्याच्या गाडीनेच मागवतो. माझी अडचण लांबीची. सहा मीटरचा जीआय पाइप सात फुटांच्या हौद्यात कसा न्यायचा?

सुतारपक्षी
तीन मीटरचे घ्या. किंवा कॅबिनच्या वरून जाणारा लोखंडी स्टँड करून घ्या, आम्ही प्लायची पट्टी आणि बीडिंग तसंच नेतो. पण फाळका उघडा ठेवून मागे पाच फूट पाइप लटकवायचे दिवस गेले. २०१४ पासून बाहेर आलेला माल नेणं नियमातच बसत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो तो. स्टँड करताना एक बघा, वेल्डिंग गाडीवर करू नका. बाहेर करून बोल्टने बसवा. हौद्याखाली बॅटरी आहे, आणि वेल्डिंगचा करंट कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

गंमतराव
सहा मीटरचे पाइप, सात फुटांचा हौदा. उत्तर सोपं आहे, तीन गाड्या एकामागोमाग.

खांब_आणि_तारा
वीज खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. हिशेबनीस यांच्या गणितात एक आकडा आहे तो तपासा. नऊ रुपये युनिट. कुठल्या मीटरवर?

नळजोड यांचं रोजचं पासष्ट किलोमीटर म्हणजे पंधरा-सोळा युनिट. महिन्याला जवळपास चारशे. घरचा वापर दीडशे असेल तर बिल साडेपाचशे युनिटच्या घरात गेलं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याने चढतात. २०२४-२५ मध्ये शंभरपर्यंत स्वस्त, तीनशेपर्यंत अकरा-साडेअकरा, त्याच्या वर पंधराच्या पुढे, पाचशेच्या वर आणखी वर होते, वहन आकार (वीज तारांतून पोचवायचे पैसे) धरून सांगतोय. म्हणजे गाडीत गेलेलं युनिट सरासरी चौदाच्या वर पडलं. मग किलोमीटर सव्वातीन-साडेतीन रुपये. डिझेलपुढे तरी दोन रुपये वाचतील, सीएनजीपुढे जेमतेम एक.

यावर उपाय आहे. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, त्याचा दर वेगळा, टप्पे नाहीत. वरच्या टप्प्यांच्या जवळपास निम्मा पडतो. गाडी घ्यायच्या आधी हा अर्ज करा, नंतर नाही. मालक कोण, जागा कुणाच्या नावावर, सोसायटी असेल तर पत्र, या कागदांतच वेळ जातो. वायरिंगला दोन दिवस पुरतात.

आणि दिवसा नऊ ते पाच वापरलं तर दरात सवलत, असं पेपरात आलंय म्हणून खूश होऊ नका. तेव्हा तुमची गाडी साइटवर असणार.

हिशेबनीस
खांब_आणि_तारा, दंडवत घ्या. माझं नऊ रुपये वेगळ्या मीटरचंच होतं, माझ्या पुतण्याच्या गाळ्यावर ते आहे. घरच्या मीटरवर गणित खरंच बदलतं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर रोज भरायचं म्हटलं तर तिथेही युनिट पंधरा-वीसच्या घरात, वर थांबायचा वेळ. म्हणजे गाडी रात्री कुठे झोपते यावर सगळं.

डिझेलप्रेमी
मी हेच म्हणत होतो.

गंमतराव
तुम्ही मेव्हण्याचं ऐका म्हणत होता.

मराठी_इन_सैतामा
जपानमधून. इकडे शेतकऱ्यापासून नळवाल्यापर्यंत सगळ्यांकडे केई ट्रक असतो. ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, इंजिन ६६० सीसी, माल फक्त ३५० किलो. आणि जपानी माणूस खरंच साडेतीनशेच भरतो, हे बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. इलेक्ट्रिकमध्ये मित्सुबिशीची मिनीकॅब २०११ पासून आहे, पोस्ट खात्याने २०१९ मध्ये बाराशे घ्यायचं ठरवलं. टपाल वाटणं म्हणजे रोज तोच रस्ता, थोडं अंतर, रात्री गाडी ऑफिसात. अशा कामाला ती चपखल बसते. माझा शेजारी बागकाम करतो, त्याचा मात्र अजून पेट्रोलच. म्हणतो, माझी गिऱ्हाइकं कुठे असतील मला सकाळी कळतं.

कोल्हापुरी_तिखट
जपानचं राहू दे भावा, आमच्या गगनबावड्याच्या रस्त्याला चालेल का सांगा.

घाटमाथा
चढताना टक्के भराभरा उतरतात, डोळ्यांसमोर. घाबरू नका. उतरताना मोटर उलटी वीज करते आणि थोडे परत येतात, ब्रेकही तापत नाहीत. पण माथ्यावर गाव असेल आणि तिथेच बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला लागलात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर. दूध संकलनाची गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, नव्वदवर काढा.

भाकरी_भाजी
आले. अर्थिंगची गोष्ट. चार्जर लावला की दहा मिनिटांत लाल दिवा. सर्व्हिसवाले म्हणाले गाडी ठीक, वायरमन म्हणाला बोर्ड ठीक. आठवडाभर दोघांच्या मधे मी. कंपनीचं नाव लिहीत नाही, धागा उडेल. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजला. तब्बल अठरा निघाला. इमारतीचं अर्थिंगचं खड्डं कोरडं ठाक पडलेलं. त्यांनी नवीन अर्थिंग केलं, मीठ-कोळसा घालून, आणि पाणी घालायला पाइप ठेवला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमचा बाळू त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

खांब_आणि_तारा
ताई, मिस्त्री जाणकार होते. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की शंका घ्यावी. सगळ्यांसाठी सांगतो. चार्जिंगला मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढा, चार स्क्वेअर एमएम तांब्याची. स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा ब्रेकर. सॉकेट औद्योगिक घ्या, घरातलं पंधरा अँपियरचं सहा-सात तास सलग ताणाखाली राहिलं की पिवळं पडतं, मग काळं. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावलेली दिसली तर मी रस्त्यावर थांबून भांडतो.

चिंचोका
प्रश्न. साइटवर लाइट नसते तेव्हा या बॅटरीवर ड्रिल चालेल का? एवढी एकवीस युनिट घेऊन फिरतोय आपण.

सुतारपक्षी
मलाही हेच हवं होतं. परदेशातल्या काही मोठ्या इलेक्ट्रिक पिकअपमध्ये हौद्यातच प्लग असतात. मी बघितलेल्या आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत ती सोय नव्हती. बारा व्होल्टच्या बॅटरीवर छोटा इन्व्हर्टर लावून मोबाइल, फार तर एलईडी दिवा. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना कुणीही हात लावू नये, इलेक्ट्रिशियनने तर मुळीच नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला कळतंय. मी सरळ बॅटरीवरचं ड्रिल घेतलं, प्रश्न मिटला.

जार_वाले
पाण्यात काय होतं ते सांगतो कारण कुणीतरी विचारणारच. बॅटरी आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी असते, गुडघाभर पाण्यातून आमची निघाली आहे. पण रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघायची नाही, टो करून न्यायची. आमच्या ओळखीच्या एकाने बदलापूरला सुरू करून बघितली. पुढचं तो सांगत नाही.

हप्तेवारी
कर्जाचं कुणी बोललं नाही. मी चौकशी केली तेव्हा इलेक्ट्रिक मालगाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी सांगितली. कारण विचारलं तर म्हणे जुन्या गाडीला भाव काय येईल याचा अंदाज नाही. डिझेलचा छोटा हत्ती २००५ पासून बाजारात आहे, दहा वर्षं जुना झाला तरी गिऱ्हाईक रांगेत असतं. दोन-तीन बँका फिरा, पहिल्या कोटेशनवर सही करू नका.

दिल्लीतला_देशपांडे
आमच्याकडे फायदा वेगळाच. दिल्लीत २०२१ पासून इलेक्ट्रिक छोट्या मालगाड्यांना नो-एन्ट्रीच्या वेळेत सूट आहे. सकाळी आठ ते अकरा बाकीचे टेम्पो बाहेर ताटकळतात आणि आमचा माल दुकानात लागलेला असतो. तो वेळ कुठल्याच किलोमीटरच्या गणितात येत नाही. पुण्यात हे झालं तर लक्ष्मी रोडवर रांग लागेल.

गंमतराव
लक्ष्मी रोडवर रांग आताही आहे.

नळजोड
सगळ्यांचे आभार. काल गाळामालकाकडे जाऊन बसलो. वेगळ्या कनेक्शनला ना हरकत पत्र द्यायला तयार आहे, पण म्हणतो गाळा सोडशील तेव्हा वायरिंग इथेच ठेवायचं. मान्य केलं. अर्ज टाकलाय. कनेक्शन मिळालं तर इलेक्ट्रिक, तीन महिन्यांत नाही मिळालं तर सीएनजी, असं ठरवलंय. तोवर जुन्या गाडीची क्लच प्लेट टाकून घेतो.

शोरूमवाल्याकडे एक दिवस गाडी मागितली आहे. माझाच माल, माझीच साइट, दिवेघाट धरून. तो म्हणतो दोन किलोमीटरची चक्कर मारा ना.

जार_वाले
सोडू नका त्याला. विकायची असेल तर देतो. सकाळी टक्के लिहून घ्या, प्रत्येक साइटला परत लिहा. आणि येताना हेडलाइट, वायपर लावून या, पावसाळ्यातलं चित्र कळेल.

घाटमाथा
पूर्ण चार्ज करूनच मागा, आणि गाडी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीची असेल तर तो आकडा खरा आहे का तेही विचारा. शोरूमच्या गाड्या अर्ध्या चार्जवर महिनोन्महिने उभ्या असतात, मग टक्क्यांचा काटा भरकटतो. एकदा शंभरपर्यंत भरली की ताळ्यावर येतो.

डिझेलप्रेमी
नळजोड, जुना हत्ती विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मॉडेल कुठलं?

नळजोड
केलाय. पासिंग पुढच्या महिन्यात आहे हे आधीच सांगतो.

चिंचोका
फुलांसाठी मागे बंद डबा घ्यावा की हौद्यावर ताडपत्री? डबा लावला की वजन किती जातं त्यातच?

भाकरी_भाजी
आमचा बंद डबाच आहे, कंपनीकडूनच आलेला. एस ईव्हीचं सहाशे सांगतात ते डबा धरून की सोडून हे आरसीवरच्या मोकळ्या वजनावरून काढा, विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका. फुलांना हवा लागते ना? आम्ही दोन्ही बाजूंना वर जाळीच्या खिडक्या पाडून घेतल्या, भात चिकट होत नाही. मोजमाप हवं असेल तर उद्या सकाळची खेप गेली की टेप लावून सांगते.